कंबरदुखीसाठी स्पर्श ओळखण्याचा सराव : सात-आठ महिन्यांनंतरचं मत

आधी हिशेब. खर्च जवळजवळ शून्य, वेळ रोजची वीसेक मिनिटं, आणि घरचं एक माणूस हाताशी हवं. कंबर पूर्ण बरी झालेली नाही. पण मशीनवर सलग दोन पॅंट शिवून उठताना आता टेबल धरावं लागत नाही. परभणीत माझं शिलाईचं दुकान आहे. कंबरदुखी आणि मूळव्याध ही आमच्या धंद्याची वारसाहक्काची दुखणी.

बाम, शेक, पट्टा, चुंबकाची गादी, सगळं करून झालं होतं. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी थोडी सरकलेली दिसली म्हणून हबकलो, तर फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये हेच दिसतं. मग त्यांनी मला पालथं झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि पाठीवर कधी एक, कधी दोन बोथट टोकं टेकवून विचारलं, "एक की दोन?"

ही चाचणी जुनी आहे. जर्मनीतले शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३४ सालीच कंपासच्या टोकांनी अशी मापं घेऊन मांडली होती. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात. निरोगी पाठीलाही त्यासाठी चार सेंटीमीटरच्या आसपास अंतर लागतं. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना सरासरीनं त्याहून जास्त. माझं उजवीकडचं, म्हणजे दुखऱ्या बाजूचं माप साडेसहा निघालं. दिवे गेले तरी टेरीकॉट आणि कॉटन बोटानं वेगळं काढणारा माणूस मी, आणि कमरेवर टेपभर अंतर ठेवलं तरी गप्प!

बाईंनी समजावलं ते असं. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. कॅनडातले मेंदूचे सर्जन पेनफिल्ड यांनी तो १९३७ मध्ये मांडला. त्यात ओठांना आणि बोटांना ऐसपैस जागा, पाठीला कोपरा. दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की हा कोपरा आणखी धूसर होत असावा. ऑस्ट्रेलियातल्या मोझली यांनी २००८ मध्ये काही रुग्णांना आपल्या पाठीची आकृती काढायला सांगितली, तर नेमका दुखरा भाग त्यांना काढता येईना. आता दुखण्यानं स्पर्श बोथट होतो की बोथट स्पर्शानं दुखणं टिकतं, यावर पक्का निकाल नाही. शिवाय प्रत्येक रुग्णाचा स्पर्श बोथट असतोच असंही नाही, त्यामुळे आधी माप घेतलेलं बरं.

हा धूसर कोपरा पुन्हा ठळक व्हावा, यासाठीचा सराव असा. पाठीवर स्केचपेननं नऊ खुणा करायच्या, त्यांना आकडे द्यायचे आणि फोटो काढून मोबाईल समोर ठेवायचा. घरचं माणूस कधी पेनचं टोपण, कधी बाटलीचं बूच टेकवणार. आपण आकडा सांगायचा आणि वस्तूही. पुढच्या पायरीला पाठीवर बोटानं अक्षरं. क, ट, म पटकन जमले. घ आणि ध यांच्यात माझी अजून गफलत होते.

मुख्य अडचण लक्षाची. टीव्ही बघत केलं तर ते नुसतं पाठ खाजवणं. हातापायांच्या जुनाट दुखण्यावरच्या एका प्रयोगात नुसत्या स्पर्शानं फरक पडला नव्हता, ओळखायला लावल्यावर पडला. आमच्याकडे हे लक्ष ठेवायचं काम घरच्यांकडे आहे. "अवो, झोपलाव का? कुठं टेकवलं ते सांगा की!" हे रोजचंच. सराव कंटाळवाणा आहे, हे लपवत नाही. वैशाखात तर घामानं खुणाच पुसून जायच्या.

पहिला महिना-दीड महिना काहीही जाणवलं नाही. संक्रांतीच्या सुमारास सकाळचा ताठपणा कमी वाटू लागला. माप आता पाचच्या आत आलंय. हे निव्वळ स्पर्शाचं श्रेय म्हणवत नाही, कारण बाईंनी सोबत वाकण्या-उठण्याचे व्यायाम आणि दर अर्ध्या तासानं मशीनवरून उठण्याचा नेम लावला होता. सिडनीच्या संशोधकांनी २७६ रुग्णांवर केलेली मोठी चाचणी २०२२ मध्ये छापून आली, तिथंही असं एकत्रच पॅकेज होतं : समजावणं, स्पर्श ओळखणं, हालचाल. अठरा आठवड्यांनी दहापैकी साधारण एका गुणानं दुखणं तुलनेच्या गटापेक्षा कमी होतं. एक गुण म्हणजे चमत्कार नव्हे. पण जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचा ढीग समोर असताना तो एक गुण मला चांगलाच कळतो.

पायातली ताकद जातेय, लघवी-संडासवर ताबा राहत नाही किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आलाय, असं असेल तर ही बुचं-टोपणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि खुणांसाठी पोरांच्या दप्तरातलं धुऊन जाणारं स्केचपेनच घ्या. पक्क्या मार्करचे आकडे आठवडाभर जात नाहीत, आणि पांढऱ्या बनियनलाही लागतात.