जमिनीखालचं रडार: पांढरीत कामाचं, काळ्या रानात आंधळं

जीपीआर (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार), म्हणजे जमिनीखालचं पाहणारं रडार, ढकलगाडीवर येतं. खाली चपटा डबा असतो, तो अँटेना. हँडलवर स्क्रीन आणि मागच्या चाकाला अंतर मोजणारा एन्कोडर. डबा जमिनीत रेडिओ लहरी सोडतो, आतल्या थरावर किंवा वस्तूवर आपटून त्या किती वेळात परत आल्या ते मोजतो, आणि गाडी पुढे सरकेल तसा स्क्रीनवर जमिनीचा उभा काप उमटत जातो. मराठवाड्यात ही सेवा भाड्यानं मिळते. मशीन आणि ऑपरेटर बहुधा पुण्या-मुंबईकडून नाहीतर हैदराबादहून येतात. बोलावणं असतं ते जुनी पाइपलाइन, बुजवलेली विहीर किंवा स्लॅबमधले गज शोधायला. पण एखाद्या घरचा माणूस महिनोन्महिने बेपत्ता असतो, गावात कुजबुज असते की त्याला अमक्याच्या वावरात पुरलाय, आणि घरचे लोक उसनवारी करून रडारवाल्याला गाठतात. हे परीक्षण मुख्यतः त्या कामाचं आहे. तिथे मशीनकडून जे मागितलं जातं ते बहुतेक वेळा त्याला जमत नाही, आणि हे पैसे देण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे.

असल्या शोधाचा सगळ्यात लांबलेला धडा जिमी हॉफाच्या प्रकरणात आहे. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या ‘टीमस्टर्स’ संघटनेचा हा माजी अध्यक्ष ३० जुलै १९७५ला डेट्रॉईटजवळच्या ब्लूमफिल्ड टाउनशिपमधल्या ‘माकस रेड फॉक्स’ या हॉटेलाबाहेरून नाहीसा झाला. डेट्रॉईटचा अँथनी जियाकलोनी आणि न्यू जर्सीचा अँथनी प्रोव्हेन्झानो या माफियातल्या दोघांना तिथे भेटायचं ठरलं होतं. दुपारी सव्वादोनच्या सुमारास हॉफानं बायकोला फोन करून सांगितलं की कुणीच आलेलं नाही. त्याची गाडी हॉटेलाच्या आवारात मिळाली, तो मिळाला नाही. १९८२मध्ये कायद्यानं मृत ठरवलं गेलं. देह आजपर्यंत सापडलेला नाही.

त्याचं काय झालं याबद्दलचे तर्क रडारवाल्याच्या नजरेनं पाहिले तर तीन ढिगांत पडतात. पहिला ढीग जाळून टाकल्याचा. हॅमट्रॅमकमधल्या कचऱ्याच्या कंपनीच्या भट्टीत त्याला टाकलं असा संशय होता, आणि ती जागा १९७६च्या फेब्रुवारीत जळून गेली. हा तर्क खरा असेल तर जमिनीत शोधण्यासारखं काही उरलेलंच नाही. दुसरा ढीग काँक्रीटखाली गाडल्याचा. यात सगळ्यात गाजलेली जागा न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम. ते २०१०मध्ये पाडलं, काही निघालं नाही. तिसरा ढीग शेतात, अंगणात, कचरा डेपोत पुरल्याचा. खोदकामं झाली ती मुख्यतः याच ढिगातल्या जागांवर. २००६मध्ये मिलफर्ड टाउनशिपच्या एका घोड्यांच्या फार्मवर एफबीआयनं सुमारे दोन आठवडे खणलं, एक कोठारही पाडलं. २०१३मध्ये ओकलंड टाउनशिपच्या माळावर तीन दिवस खोदकाम चाललं. दोन्हीकडे हात रिकामे.

रडारचा गुण आणि मर्यादा स्वच्छ दिसते ती हॉफाच्याच शोधात, २०१२ला डेट्रॉईटजवळच्या रोझव्हिलमध्ये. एका घराच्या आवारात रडार फिरवलं, आणि खालची जमीन कधीतरी हललेली आहे असं त्यानं दाखवलं. पोलिसांनी थेट खड्डा खणला नाही. काँक्रीटला भोक पाडून मातीचे गाभे, म्हणजे उभे नमुने, काढले आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तपासायला दिले. मानवी अवशेषांचा काही अंश मिळाला नाही. म्हणजे मशीन खोटं बोललं नव्हतं. ‘जमीन हललेली आहे’ एवढंच ते बोललं होतं, ‘माणूस आहे’ हे ऐकणाऱ्यांनी जोडलं. रडारला हाड दिसत नाही. हाड आणि माती यांच्यात लहरीला परतवण्याइतका फरक फारसा नसतो. दिसते ती खड्ड्याची कड, तुटलेला थर, पोकळी किंवा धातू.

आता हेच मशीन आपल्या काळ्या रानात आणा. कोरड्या वाळूत ४०० मेगाहर्ट्झ वारंवारतेचा अँटेना तीनेक मीटरपर्यंत नीट पाहतो. भारी काळ्या मातीत तो एक मीटरच्या आतच संपतो, ओल असेल तर त्याच्याही अलीकडे. काळ्या मातीतली चिकण, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, पाणी आणि क्षार धरून ठेवते. अशा मातीतून वीज सहज वाहते, त्यामुळे लहरींची ताकद आतच जिरून जाते. ऑपरेटर मग गेन, म्हणजे परतलेल्या लहरीचा जोर, स्क्रीनवर वाढवतो. स्क्रीन रेघांनी भरते आणि बघणाऱ्याला वाटतं, खूप काही दिसतंय. स्टेशन लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवला तर खरखर वाढते, तसलाच हा प्रकार. कमी मेगाहर्ट्झचा, म्हणजे १००चा अँटेना लावला तर थोडं खोल जाता येतं, पण मग माणसाएवढा खड्डा त्यात ओळखू येत नाही. २५० ते ४०० हाच या कामाचा पट्टा, आणि काळी माती नेमका तोच अडवते.

आणखी एक अडचण आहे, ती सेवा विकताना कुणी बोलत नाही. काळी माती स्वतःलाच नांगरते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाळ्यात सगळं फुगून मिटतं आणि आतली माती वर ढकलली जाते. अशी काही वर्षं गेली की खड्ड्याची कड पुसट होत जाते. ज्या ‘हललेल्या जमिनी’वर रडारचा सगळा भरवसा, ती खूणच माती मोडून टाकते. वर भेगा स्वतः परावर्तन देतात आणि चुनखडीचे खडे लहरी विखुरतात. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी म्हणून लहर थोडी खोल जाते, पण भेगांनी चित्र बिघडतं. पावसानंतर भेगा मिटतात, पण ओल लहर गिळते. भारी रानासाठी चांगला महिना नाही.

याच मातीत एक खूण मात्र डोळ्यांना दिसते आणि ती फुकट आहे. काळ्या थराखाली मुरूम असतो. खड्डा मुरमापर्यंत गेला असेल तर परत भरताना पिवळसर मुरूम काळ्यात मिसळतो. आजूबाजूचं सगळं काळं आणि एका पाच-सहा फुटी पट्ट्यात पिवळे ठिपके, मिरचीच्या ठेच्यात खोबऱ्याचे कण दिसावेत तसे. पहिल्या मोठ्या पावसात तो पट्टा खचतो, पाणी साचतं, पीक वेगळं वाढतं. त्या रानात रोज काम करणाऱ्या माणसाला हे आधी कळतं. रडार बोलावण्याआधी त्याला विचारावं, आणि दिसलं तर हात न लावता ठाण्यात सांगावं.

गाडी ज्या समांतर रेघांवरून चालवतात त्यांच्या अंतराचा हिशेबही कोटेशन हातात घेऊनच करावा, कारण फसगत इथेच होते. माणसाच्या खड्ड्यासाठी दोन रेघांत २५ सेंटिमीटर अंतर हवं, तेही आडवं-उभं दोन्ही दिशांनी. मग पावणेदोन मीटरच्या खड्ड्यावरून सातेक रेघा जातात आणि आकार धरता येतो. अंतर एक मीटर ठेवलं तर खड्ड्यावरून एखाद-दुसरी रेघ जाते, आणि ती उंदराच्या बिळावरून गेलेल्या रेघेसारखीच दिसते. एक गुंठा म्हणजे साधारण १० बाय १० मीटर. २५ सेंटिमीटरवर एका दिशेला ४१ रेघा, ४१० मीटर. दोन्ही दिशांनी ८२०. एकराला हीच चाल सुमारे ३२ किलोमीटर होते. तेव्हा ‘एका दिवसात दोन एकर स्कॅन करून देतो’ असं कुणी म्हणालं तर ते काम पाइपलाइनच्या अंतरानं होणार आहे, माणसाच्या नाही. जागा दोन-तीन गुंठ्यांपर्यंत आणता येत नसेल तर मशीन बोलावूच नये. हॉफाच्या शोधात दर वेळी जागा सांगणारा आधी आला आणि यंत्रं मागून आली. जागा सांगणारा चुकला तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी रिकामंच परतणार.

खोलीचा आकडा हा दुसरा सापळा. मशीन खोली मोजत नाही, वेळ मोजतं. समजा लहर जाऊन-येऊन ३० नॅनोसेकंदांत परत आली (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). मशीनमध्ये लहरीचा वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर भरलेला असेल तर स्क्रीन जाण्या-येण्याच्या तीन मीटरचं निम्मं, म्हणजे दीड मीटर दाखवते. ओल्या काळ्या मातीत खरा वेग ६च्या आसपास असू शकतो, म्हणजे वस्तू ९० सेंटिमीटरवर आहे. चांगला ऑपरेटर हा वेग तिथल्या तिथे काढतो. खोली माहीत असलेल्या पाइपवरून काटकोनात गाडी नेतो, स्क्रीनवर उलट्या टोपलीसारखी कमान येते, तिच्या उतारावरून वेग बसवतो. एन्कोडरही टेप टाकून २० मीटरवर तपासतो, कारण ढेकळांवर चाक घसरतं आणि रेघ आखूड भरते. डबा जमिनीला टेकून चालायला हवा. कपाशीच्या पळाट्या, तुरीची धसकटं, ढेकळं तशीच ठेवून गाडी चालवली तर डबा उड्या मारतो, आणि डबा उचलला गेला की त्या जागी खोटा थर दिसतो. रान आधी साफ करून फळी मारून घ्यावी. पण गुन्ह्याचा संशय असलेल्या जागी हे सुद्धा पोलिसांना विचारल्याशिवाय करू नये, पुरावा जातो.

जिथे ही सेवा पैसे वसूल करून देते ती जागा म्हणजे पांढरी. गावठाणाची राखाडी, भुरकट माती काळीसारखी लहर गिळत नाही, आणि तिच्यात शोधण्यासारखं भरपूर असतं: जुन्या भिंतींचे पाये, बुजलेले आड, धान्याची पेवं. घर बांधायच्या जागेखाली पेव असेल तर कोपरा खचतो. रडारला पेव उत्तम दिसतं, कारण पोकळीतली हवा आणि बाजूची माती यांच्यात लहरीच्या दृष्टीनं मोठा फरक असतो. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरी, म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे मार्ग आहेत. तिथे पायलिंगच्या आधी रडार फिरवणं शहाणपणाचं. मुरमाड माळावर बुजवलेली विहीर, लोखंडी पाइप, मोठी टाकी हेही चांगलं सापडतं. या कामांना पाचपैकी चार गुण. भारी काळ्या रानात माणूस शोधायला एक, तोही धातूची मोठी वस्तू वरच्या अर्ध्या मीटरात असेल तर.

मॅग्नेटोमीटर नावाचं दुसरं यंत्र कुणी पुढे केलं तर सावध राहावं. आपला काळा दगड, बेसाल्ट, स्वतःच चुंबकीय आहे. बांधातला प्रत्येक धोंडा त्यात लोखंडासारखा बोलतो. विद्युतरोध मोजण्याची पद्धत काळ्या मातीत रडारपेक्षा बरी चालते, कारण तिला वीज वाहणारी माती अडचणीची नसते. पण ती विहिरीएवढं काही शोधते, माणसाएवढ्या खड्ड्यासाठी वीज सोडायच्या खुंट्या फार जवळ ठोकाव्या लागतात. संशयाची जागा खरोखर लहान असेल तर सगळ्यात खात्रीची रीत जुनीच: दात नसलेलं बकेट लावलेला जेसीबी, पाच ते दहा सेंटिमीटरचा एकेक पापुद्रा, आणि प्रत्येक पापुद्र्याला माती वाचणारा माणूस समोर उभा. हे काम पोलिसांचं आणि न्यायवैद्यक पथकाचं. पुरलेला देह काढण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६खाली दंडाधिकारी देतात. घरच्यांनी रात्रीतून खणलं तर आरोपीच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं.

न्यू जर्सीच्या जर्सी सिटीतला शेवटचा मोठा शोधही याच पठडीतला. पुलास्की स्कायवेखालच्या जुन्या कचरा डेपोजवळ हॉफाला लोखंडी पिंपात घालून सुमारे १५ फूट खोल पुरलं, असा दावा होता. एफबीआयनं ऑक्टोबर २०२१मध्ये तिथे पाहणी केली आणि जुलै २०२२मध्ये सांगितलं की पुराव्याच्या कामाचं काही मिळालं नाही. पिंप हे रडारचं आवडतं लक्ष्य खरं. पण धातूनं आणि खाऱ्या ओलीनं भरलेल्या कचऱ्यात, तेही साडेचार मीटरवर, एक पिंप वेगळं काढणं म्हणजे बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर एकाचीच हाक ओळखणं.

सेवा घ्यायचीच असेल तर पैसे ठरवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात. अँटेना किती मेगाहर्ट्झचा. दोन रेघांतलं अंतर किती. वेग कशावरून बसवला. आणि काम झाल्यावर मूळ फाइल मिळणार की फक्त रंगीत चित्रांची पीडीएफ. मूळ फाइल हातात असेल तर दुसरा जाणकार तीच रेघ पुन्हा वाचू शकतो. रंगीत पीडीएफमध्ये गेन किती वाढवला होता ते कळत नाही. पूर्ण सर्व्हेच्या आधी त्याच रानात एक १० मीटरची चाचणी रेघ मागावी, तीही अशा जागी जिथे खाली काय आहे ते माहीत आहे, म्हणजे शेतातल्या पाण्याच्या पाइपवरून. तो पाइप मीटरभर खोल असून स्क्रीनवर दिसला नाही, तर त्या रानात तितक्या खोलीवर बाकी काही दिसणार नाही. तिथेच यायचा-जायचा खर्च देऊन गाडी परत पाठवावी.