म्हाताऱ्या घोड्याचे दाट केस: कातरायचे की नुसता खरारा?
पुण्यात जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर, दुपारी ३० च्या आसपास. घोड्याचे केस वाढतात ते दिवस लहान झाल्यामुळे, थंडी किती पडली याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. मग म्हातारं जनावर दुपारी उभ्याउभ्या घामेजतं.

नुसता खरारा केला तर खर्च नाही, झुलीची कटकट नाही. पण सुटे केसच निघतात. घाम छातीवर नि काखेत मुरतो, केसांचे चिकट झुपके होतात आणि संध्याकाळी तेच ओलं अंग गारठतं.

मशीनने मानेची खालची बाजू, छाती आणि पोट एवढंच कातरलं तर घाम पटकन वाळतो, गोचीड आणि जखमाही दिसतात. पाठ आणि पाय तसेच ठेवावेत. मात्र रात्री पातळ झूल हवी, आणि ऊन चढण्याआधी ती आठवणीने काढणारा माणूसही. दुपारपर्यंत झूल अंगावरच, तर कातरून काय मिळवलं?

माझा कौल अर्धवट कातरण्याला. घोडा फारच रोडावलेला असेल तर खरारा बरा. उन्हाळा लागूनही केस झडत नसतील, पाणी पिणं वाढलं असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या विकाराची शंका घ्यावी आणि पशुवैद्याकडून एसीटीएच या संप्रेरकाची (हार्मोनची) रक्ततपासणी करून घ्यावी.