‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलने घातलेली २५९ डॉलरची टोपी

शोधनिबंध, म्हणजे आमच्या भाषेत पेपर, छापायचे १४९ डॉलर, ‘जलद परीक्षणा’चे (परीक्षण म्हणजे विषयाच्या जाणकारांनी छापण्याआधी पेपर तपासणं) ७५, डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आणि प्रमाणपत्राचे ३५. एकूण २५९ डॉलर माझ्या कार्डावरून गेले. आता पेपर मागे घेतो म्हटलं तर आणखी ३०० डॉलर टाका म्हणतात. छापण्यापेक्षा न छापणं महाग!

पैसे उकळून, परीक्षणाचं नुसतं नाटक करून काहीही छापणाऱ्या असल्या जर्नलांचे, म्हणजे संशोधन-नियतकालिकांचे, मेल कसे असतात ते सांगत बसत नाही. ‘आदरणीय प्राध्यापक, आपले बहुमोल संशोधन वाचून भारावलो’ छापाचे मेल मीही वर्षानुवर्षं न उघडता उडवत आलोय. त्यामुळे ‘एवढं कळू नये का?’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. हे जर्नल मला विभागातल्याच एका वरिष्ठांनी सुचवलं होतं, त्यांचे स्वतःचे पेपर तिथे होते. पेपर छापून आल्याशिवाय आमच्याकडे पीएचडीचा प्रबंध जमा करून घेत नाहीत. मुदत तोंडावर आलेली, आणि एका बऱ्या जर्नलने माझा पेपर महिनोन्महिने दाबून ठेवून शेवटी दोन ओळींत परत केलेला. अशा वेळी माणूस काय करणार?

संकेतस्थळ चकचकीत होतं. विज्ञान, अभियांत्रिकी, समाजजीवन, सगळं एकाच छत्राखाली. ताज्या अंकात काँक्रीटची मजबुती, त्याखाली मधुमेह, त्याखाली मतदारांचं वर्तन. सगळे विषय छापणं हा काही गुन्हा नव्हे, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’सारखी नामांकित जर्नलंही छापतात. पण तिथे त्या त्या विषयाचे जाणकार संपादक बसलेले असतात. इथे एकच मुख्य संपादक आणि त्याचा पत्ता जीमेलचा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, मी तपासला होता, तो खरा निघाला. तो नुसता ओळखक्रमांक असतो, दर्जाचा शिक्का नव्हे, हे आता मला कुणी शिकवू नये. डीओआयचंही तेच.

सोमवारी रात्री पेपर धाडला, बुधवारी सकाळी स्वीकृतिपत्र हजर. तेही सोडा, जलद परीक्षणाचे पैसे मोजले होते. खरी माशी शिंकली ती परीक्षकाच्या अहवालात. माझा विषय भूजलातला फ्लोराईड. परीक्षक लिहितो, ‘रुग्णांची निवड कोणत्या निकषांवर केली ते स्पष्ट करावे.’ रुग्ण? माझ्याकडे विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या होत्या हो! कुठल्या तरी वैद्यकीय पेपरचा अहवाल उचलून मला चिकटवला होता. आणि मी? परीक्षकाला ‘नमुने’ म्हणायचं असेल अशी स्वतःची समजूत घालून ‘विहिरींच्या निवडीचे निकष’ असा अख्खा परिच्छेद लिहून दिला. वर आभारही मानले. ती ओळ आठवली की आजही कानशिलं तापतात.

छापील पेपर पाहिला तेव्हा उरलंसुरलं अवसान गळालं. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराईडची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. यांनी मधलं टिंब खाल्लं आणि १५ केलं. म्हणजे दसपट फ्लोराईड चालतं असं माझ्या नावावर जगाला सांगून मोकळे! प्रूफ पाठवलंच नव्हतं. दुरुस्ती मागितली तर ‘दुरुस्ती शुल्क ४० डॉलर’. शिवाय ‘पेपर मिळाल्याची तारीख’ म्हणून जी छापली होती, तेव्हा माझे निम्मे नमुने तपासायचेच होते. परीक्षणाला वेळ लागला असं दाखवायला मागची तारीख.

मग सुरू झाला दारोदारचा फेरा. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात, सेवा मिळाली, वाद कसला घालता? सायबर कक्षातल्या साहेबांनी विचारलं, ‘छापून आलंय ना? मग फसवणूक कुठे झाली?’ परीक्षण म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तर म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा. तक्रारीची पोच मागितली, ती ‘ऑनलाइन येईल’. अजून येतेय. आणि विद्यापीठ! संशोधन कक्षाने आधी नियम वाचून दाखवला की जर्नल निवडण्याची जबाबदारी संशोधकाची. मग म्हणे हा पेपर धरता येणार नाही. बरं, मग हेच जर्नल दाखवून बढती घेतलेल्यांचे पेपर कसे धरलेत? यावर साहेबांना अचानक मीटिंग आठवली. पेपर हवाच असा दट्ट्या लावणार तुम्ही, चोरबाजार भरणार त्या दट्ट्यामुळे, आणि लुटला गेला की संशोधक वेंधळा. याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फसणारा मी एकटा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, असल्याच एका प्रकाशक कंपनीवर खटला भरला होता. शुल्क आधी नीट न सांगणं, परीक्षणाच्या खोट्या बढाया, पेपर मागे घेऊ न देणं, आरोप शब्दशः माझ्याच तक्रारीतले वाटावेत. २०१९ मध्ये न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त भरण्याचा आदेश दिला. तिथे हा मामला ‘दिवाणी आहे, वकील गाठा’ म्हणून कुणी झटकला नाही. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’साठी मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला, त्यातल्या १५७ जणांनी तो स्वीकारला. जेफ्री बील हे ग्रंथपाल अशा प्रकाशकांची यादी चालवायचे, तीही जानेवारी २०१७ मध्ये बंद पडली. तेव्हा आयत्या यादीच्या भरवशावर राहू नका.

जर्नलच्या पानावरचे बिल्ले बघू नका. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, क्लॅरिव्हेट या कंपनीच्या अहवालातला असेल तरच खरा, मागेपुढे ‘ग्लोबल’ वगैरे जोडलेला असेल तर पळा. स्कोपस (निवडक जर्नलांची सूची) किंवा डीओएजेच्या (सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांची सूची) यादीत स्वतः जाऊन नाव शोधा, जर्नलने दिलेल्या दुव्यावरून नको, नामांकित जर्नलांच्या हुबेहूब नकली साइटही असतात. संपादक मंडळातल्या कुणाला तरी मेल टाकून विचारा, अनेकांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. वरिष्ठांचा पेपर तिथे आहे म्हणून तर मुळीच जाऊ नका.

आधीच अडकला असाल आणि कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केली नसेल तर आजच पेपर मागे घेतल्याचा मेल करा आणि त्याची प्रत जपा. ‘रद्द करण्याचं शुल्क’ मागतील, छदामही देऊ नका. पानांचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा, कारण ही संकेतस्थळं रातोरात गायब होतात. आणि तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा असेल तर तिथल्या संपादकाला सगळा प्रकार आधीच कळवा, नाहीतर दुबार प्रकाशनाचा ठपकाही तुमच्याच कपाळी.