डिक्ट्रा काही महिने वापरल्यावर: फेराइट किती वाढेल ते सांगतं, कुठे उगवेल ते नाही

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं हीट ट्रीटमेंटचं काम. २०एमएनसीआर५ या मँगनीज-क्रोमियमच्या पोलादाची गिअरची फोर्जिंग्ज आयसोथर्मल अ‍ॅनीलिंगला (तापवून मग एका ठरावीक तापमानाला उतरवून धरून ठेवायचं) येतात. मशीनिंगवाल्याला फेराइट (जवळपास कार्बन नसलेलं मऊ लोह) आणि पर्लाइट (फेराइट व लोहाच्या कार्बाइडचे पातळ थर) हवं. बेनाइट, म्हणजे त्याहून कठीण रचना, राहिलं की टूल तुटल्याचा फोन आलाच. म्हणून शेठनी डिक्ट्रा घेतलं, म्हणजे धातूत अणू कसे सरकतात याचं गणित करणारं सॉफ्टवेअर.

पोलादाची रासायनिक रचना टाकली की सीसीटी आलेख (कुठल्या वेगाने थंड केलं तर काय तयार होतं ते दाखवणारा) मिळेल या आशेवर असाल, तर नाद सोडा. हे एकमितीय गणित आहे. ऑस्टेनाइटचा (तापलेल्या पोलादातली अवस्था, थंड होताना तिचंच फेराइट होतं) साधारण अर्ध्या कणाएवढा पट्टा घ्यायचा, एका टोकाला फेराइट आपणच चिकटवायचं, मग सीमा सरकते. फेराइट उगवायला सुरुवात होते ती केंद्रकं किती, कुठे, हे मायक्रोस्कोपला विचारा.

खरी डोकेदुखी मँगनीजची. ७००° सेल्सिअसच्या आसपास ऑस्टेनाइटमध्ये कार्बन त्याच्यापेक्षा लाखो पटींनी वेगात धावतो. मग सीमेवर काय धरायचं? स्थानिक समतोल धरला, तर ए३ (थंड होताना फेराइट उगवू लागतं ते तापमान) जवळ मँगनीजलाही सरकावं लागतं आणि फेराइट रांगतं. तापमान उतरलं की मँगनीज जागचं हलत नाही, फक्त सीमेपुढे त्याचा एक टोकदार सुळका उभा राहतो. कधी तो अणूंमधल्या अंतराहूनही बारीक निघतो! असल्या सुळक्यावर मी विश्वास ठेवत नाही. पॅराइक्विलिब्रियममध्ये फक्त कार्बन समतोल साधतो, लोह-मँगनीजचं प्रमाण दोन्हीकडे तेच. तेच पोलाद, तेच तापमान, तरी दोन्ही पद्धतींत फेराइटची रुंदी वेगळी. मी दोन्ही चालवतो आणि मायक्रोस्कोपच्या फोटोशी ताडून पाहतो.

पैसे वसूल झाले ते पट्ट्यांच्या तक्रारीत. नायटल (रचना दिसावी म्हणून लावायचं नायट्रिक आम्ल-अल्कोहोलचं मिश्रण) लावल्यावर बारच्या लांबीला समांतर पांढरे-काळे पट्टे दिसत होते. मी डिक्ट्रात १.१ आणि १.४ टक्के मँगनीजचे दोन भाग शेजारी ठेवून थंड केले. कमी मँगनीजच्या भागात फेराइट आधी उगवलं आणि कार्बन शेजारी ढकलला गेला. तिकडेच पुढे पर्लाइट. मग भट्टीवर ९३०° वरून ६५०° पर्यंत पंख्याने झपाट्याने उतरवलं, पट्टे फिके पडले. मँगनीज मात्र तिथेच असतं. तोच तुकडा पुन्हा तापवून भट्टीत सावकाश गार केला की पट्टे हजर.

थर्मोडायनॅमिक आणि मोबिलिटी (अणू किती वेगाने सरकतात त्याची माहिती) डेटाबेसचे पैसे वेगळे मोजावे लागतात, त्यामुळे छोट्या युनिटला हे झेपणार नाही. रोजच्या अंदाजाला झेनरचा वर्गमूळ नियम एक्सेलमध्ये पुरतो: वेळ चौपट, जाडी दुप्पट. तोही शेजारच्या फेराइटने ढकललेला कार्बन येऊन भिडेपर्यंतच.