दुखण्याची नोंद: वही, ॲप की मनगटावरचं घड्याळ?

"गेला महिना कसा गेला?" असं डॉक्टर विचारतात, तेव्हा आपल्याला आठवतो तो सर्वांत वाईट दिवस आणि कालची रात्र. मधले बरे दिवस गळून जातात. दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं असेल, तर उपचार ठरवताना हे गळालेले दिवसच महत्त्वाचे असतात. म्हणून नोंद हवी.

वहीचा मोठा गुण म्हणजे मोकळेपणा. "जिना उतरताना गुडघा आतून जळजळतो" हे वाक्य ॲपच्या चौकटीत बसत नाही. शिवाय माहिती आपल्यापाशीच राहते. अडचण वेळेची आहे. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दीर्घकालीन वेदना असलेल्या ८० जणांचा अभ्यास आला होता. वही नेमकी कधी उघडली हे कळावं म्हणून तिच्या फाइलमध्ये प्रकाश ओळखणारा सेन्सर लपवला होता. रुग्णांच्या म्हणण्यानुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या, प्रत्यक्षात झाल्या होत्या ११ टक्के. वेळेला आठवण करून देणारं उपकरण ज्यांच्याकडे होतं, त्यांनी ९४ टक्के नोंदी वेळेवर केल्या. यात रुग्णांना दोष देण्यासारखं काही नाही. अंग ठणकत असताना वही कोण उघडणार?

म्हणूनच बहुतेकांनी ॲपपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. दिवसातून दोनतीनदा आठवण, ० ते १० मधला एक आकडा, घेतलेली गोळी, एवढंच पुरे. वीस प्रश्न विचारणारं ॲप आठवड्यात बंद पडतं. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, आणि खातं बंद केल्यावर त्या पुसल्या जातात का.

घड्याळ वेदना मोजत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. ते पावलं, नाडी आणि हालचालीवरून झोप मोजतं. रात्रभर डोळे उघडे ठेवून निपचित पडलात, तर त्यालाही ते झोप समजू शकतं. वॉकर ढकलत चालणाऱ्यांची पावलं हुकतात. पण एका बाबतीत त्याला तोड नाही. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढायचे, हा फेरा पावलांच्या आलेखात स्वच्छ दिसतो. तो दाखवला की फिजिओथेरपिस्टला रोजची हालचाल बेताने आखून देता येते. तुमचा त्रास असा उसळत-ओसरत असेल, तरच घड्याळावर खर्च करा; नुसत्या आकड्यांच्या हौसेपोटी नको.

दोन आठवडे नोंदवा, एका पानात उतरवा आणि ते पान भेटीला न्या. सतत आकडा शोधताना लक्ष दुखण्यातच अडकतंय असं जाणवलं, तर दिवसातून एकदाच नोंदवा किंवा थांबा, आणि तसं डॉक्टरांना सांगा. पाठदुखीत अचानक पाय लुळे पडले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर नोंद करत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.