सोफ्यापुढे ३,८०० डॉलर

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला आणि आमच्या बेसमेंटमध्ये कमरेएवढं पाणी भरलं. सोफा, वॉशर-ड्रायर, भारतातून आणलेले पुस्तकांचे खोके, सगळं चिखलात. इथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर बसत नाही. सांडपाणी उलटं येण्याचं कलम जादा पैसे भरून घेतलं होतं, म्हणून १०,००० डॉलर तरी मिळाले.

अशा आपत्तीतलं नुकसान टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्नातून वजा मागता येतं. त्यासाठी पुढच्या मार्चमध्ये ओळखीतून एक टॅक्सवाला मिळाला, मराठीच. फी? "रिफंड येईल त्याच्या २० टक्के. नाही आला तर काही देऊ नका, दादा." तिथेच उठायला हवं होतं. पण दादा म्हणणाऱ्यावर संशय कसा घ्यायचा!

फोनवर त्याने सामानाची यादी घेतली. सोफा आठ वर्षांपूर्वी १,२०० ला घेतलेला. "ते सोडा हो, आज तसाच नवा कितीला येईल?" ३,८०० म्हणालो. त्याने ३,८०० लिहिले. विम्याचे पैसे सांगितले तर म्हणाला, "ते घराचे, हे सामानाचे." असं करत करत नुकसान ६१,००० वर गेलं. या नुकसानीसाठीच्या फॉर्म ४६८४ वर आपत्तीचा सरकारी क्रमांक, डीआर-४६१४, मात्र अगदी बरोबर होता. तो पाहून उरलीसुरली शंकाही गेली.

नियम असा की वस्तूची खरेदी किंमत आणि पुरामुळे तिच्या बाजारभावात झालेली घट, यातली कमी असेल ती रक्कम धरायची. आमचा सोफा पुराच्या आदल्या दिवशी फार तर १५० ला गेला असता. मग विम्याचे पैसे वजा, १०० डॉलर वजा, शिवाय उत्पन्नाचे १० टक्के वजा. विमा जाता आमचं खरं नुकसान ६,००० च्या आसपास, आणि उत्पन्नाचे १० टक्के त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे तेव्हा वजावट बसत होती शून्य.

दीड वर्षाने आयआरएसचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र आलं. टॅक्सवाल्याला फोन लावला तर नंबर बंद. रिटर्न काढून बघितलं. दुसऱ्या पानाच्या तळाशी, पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने जिथे सही करून आपला पीटिन, म्हणजे कर खात्याकडचा नोंदणी नंबर, टाकायचा, ती चौकट कोरी. कागदोपत्री रिटर्न मीच भरलेलं! कर, व्याज, वर २० टक्के दंड. त्याची फी गेली ती गेलीच. फॉर्म १४१५७ वर तक्रार केली आहे. तुम्ही मात्र ती चौकट भरलेली दिसल्याशिवाय सही करू नका, समोरचा कुठलंही नातं लावो.

पुढे डिसेंबर २०२४ च्या कायद्याने आयडाग्रस्तांसाठीही मागच्या तारखेपासून १० टक्क्यांची अट गेली, फक्त ५०० डॉलर वजा करायचे ठरले. मार्च २०२५ मध्ये पावत्या, फोटो, विम्याचं पत्र टेबलावर पसरून आम्ही दोघांनीच १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्त रिटर्नचा फॉर्म, भरला. सोफ्यापुढे हिने १५० लिहिले.