तानसेन समारोह, हजिरा: बसायचं कुठे, ऐकायचं काय

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात दर डिसेंबरात भरणारा तानसेन समारोह नीट ऐकायचा असेल तर सकाळच्या सभा धरा. संध्याकाळी मोठी नावं असतात, रोषणाई असते, गर्दीही असते, पण गाण्यात गुंतून बसायला सकाळी दहाची बैठकच बरी. बाहेरगावचे पाहुणे बहुधा उलटं करतात. दिवसभर किल्ला पायी पालथा घालतात आणि सातला दमून मंडपात येतात. दुसऱ्या कलाकारापर्यंत डोळे मिटायला लागतात, आणि दोष संथ लयीच्या विलंबित ख्यालाला जातो.

जागा तीच, सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याचं आवार. चारी अंगांनी दगडी जाळ्या असलेली मोठी इमारत गौसांची, आणि तिच्या शेजारी खांबांवर उभी असलेली छोटी, मोकळी समाधी तानसेनांची. अनोळखी माणूस हमखास मोठ्या घुमटाला हात जोडून परततो. चिंचेचं झाड समाधीपाशीच आहे. जुनं झाड गेलं, आत्ताचं नंतरचं. पाला खाल्ल्याने गळा गोड होतो म्हणून फांद्या ओरबाडू नका, डिसेंबरात त्या आंबट पाल्याने घशाची खवखव तेवढी वाढेल. प्रवेश विनामूल्य आहे. १९२४ साली ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानिकांच्या काळात उर्स म्हणून सुरू झालेला हा उत्सव २०२४ मध्ये शंभरावा झाला. सध्या तो मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती खात्याची भोपाळची उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी भरवते. आमंत्रणपत्रिका, स्वागत, सत्कार हा सगळा सरकारी थाट त्यातूनच येतो.

पहिल्या दिवशीची सकाळ चुकवू नये. समाधीपाशी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, त्यानंतर मीलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं पठण) आणि चादर. ढोलीबुवांचा मठ लष्कर या शहरभागातला, नाथ परंपरेतला. कथा हिंदीत चालते, पण आख्यानातून पदात शिरायची आणि पदातून पुन्हा आख्यानावर यायची चाल आपल्या कीर्तनाची आहे. लष्करातल्या मराठी घरांतली वडीलधारी मंडळी ही सकाळ राखून ठेवतात, संध्याकाळी आली नाहीत तरी चालतं त्यांना. मंडपापेक्षा समाधीच्या ओट्याजवळ उभं राहिलेलं चांगलं, कारण इथे ध्वनिवर्धकाची फारशी गरजच पडत नाही.

प्रत्येक सभेची सुरुवात ग्वाल्हेरच्या एखाद्या संगीत महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने होते. बाहेरचे श्रोते हा वेळ चहात घालवतात. ते चूक आहे. पंधरा-वीस मुलं एका षड्जावर, चौतालात, पखवाजाच्या साथीने गातात तेव्हा या गावात संगीत कसं शिकवलं जातं ते समोर दिसतं. भातखंड्यांनी माधव संगीत विद्यालय १९१८ साली इथेच उभं केलं, राजाभैया पूछवाले तिथेच घडले आणि त्यांनी तिथेच घडवलं. शंकर गांधर्व महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९१४ चं, ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडितांचं. मुलांचा सूर कधी डळमळतो, दुगुणीत (दुप्पट लयीत) एखादा गट अर्धी मात्रा पुढे जातो. पण ध्रुपदाच्या चारही तुका, म्हणजे चारही भाग, म्हणून दाखवतात, आणि तेवढं आजकाल मोठ्या मंचावरही होत नाही.

आता थंडीबद्दल, कारण या समारोहातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे. डिसेंबरच्या मध्यावर रात्री पारा पाच-सात अंशांवर येतो आणि धुकं उतरतं. मंचामागच्या उबदार खोलीत लावलेली वाद्यं उघड्या मंचावर आणली की प्रत्येक वाद्य आपापल्या दिशेने पळतं. तानपुऱ्याची आणि सतारीची पोलादी तार थंडीने आखडते आणि चढते. तबल्याची पुडी (वरचं चामडं) दव पिऊन सैल पडते आणि उतरते. सरोदाच्या चामड्याचंही तेच. बासरीतली हवा थंड झाली की सूर उतरतो: दर अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), म्हणजे दहा अंशांच्या फरकाला त्या अंतराचा जवळपास तिसरा हिस्सा. हार्मोनियमच्या पट्ट्या मात्र फारशा हलत नाहीत. मग गायकाने कोणाला धरायचं? म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं ठोकाठोकीत गेली तर कुरकुर करू नका. जो तबलजी मंचावर येऊन आधी नुसता बसतो, पुडीला हवेची सवय होऊ देतो आणि मगच हातोडी उचलतो, तो जाणता. घाईने गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून वर चढवलेला तबला पहिल्या द्रुतातच पुन्हा खाली येतो. प्रखर दिवे एका बाजूने पडत असतील तर आणखी गंमत: दिव्याकडची बाजू सुकून चढते, सावलीतली उतरते, आणि गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) सोळाही घरं पुन्हा बघावी लागतात. सकाळच्या सभेत ऊन वर आलेलं असतं, हवा तासाभरात फारशी बदलत नाही, त्यामुळे वाद्यं एकदा लागली की लागलेली राहतात. सकाळची शिफारस आहे ती मुख्यतः यासाठी.

बसायची जागा. पुढचे सोफे निमंत्रितांचे, त्यांच्या मागे गाद्या, मग खुर्च्या. मंचाच्या बरोबर मध्यरेषेवर, बारा-पंधरा मीटरवर बसलं तर डाव्या-उजव्या दोन्ही भोंग्यांचा आवाज एकदमच पोचतो. कडेला बसलात तर जवळचा भोंगा सगळं खाऊन टाकतो, तबल्याचा बायाँ (डाव्या हाताचा डग्गा) छातीत धडधडतो आणि तानपुरा गायब. अगदी मागे, दगडी भिंतीजवळही नको. भिंतीवरून परत येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो, सपाट तानेची धार बोथट होते. गादीवर बसणार असाल तर खाली घालायला स्वतःची जाड सतरंजी आणा. जमिनीतून चढणारा गारठा शालीने थांबत नाही. कानटोपी आणा, पण गाणं सुरू झालं की कानांवरून वर सरकवा. टोपीच्या लोकरीत तानपुऱ्याचे वरचे स्वर सगळ्यात आधी जातात.

रात्री दहानंतर एक विचित्र गोष्ट होते: जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार झालेली असते, त्यामुळे वर निघालेला आवाज खाली वाकतो आणि लांब जातो. हजिऱ्यातल्या गच्च्यांवर, तानसेननगरच्या बाजूला, लांबचा आलाप कधी कधी मंडपातल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. त्याचे दोन परिणाम. गोधडीत बसून फुकट मैफल ऐकणारे खूश, आणि ज्यांच्या घरात परीक्षेची मुलं किंवा आजारी माणूस आहे ते वैतागलेले. नियम म्हणाल तर रात्री दहा ते सहा ध्वनिवर्धक बंद, आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सूट देऊ शकतं. समारोह त्यात बसतो. तक्रार खरी असते ती लग्नाच्या वरातींची, त्यांची बिलं तानसेनांच्या नावावर फाडू नयेत.

हजिरा मुळात गिरणी कामगारांची वस्ती. जियाजीराव कॉटन मिल बंद पडली, चाळी आणि दुकानं उरली. इथल्या घरांना जवळचा वाटतो तो आदल्या संध्याकाळचा ‘गमक’, इंटक मैदानावरचा. सूफी, गजल, भजन असं काहीतरी, बायकामुलांसकट गर्दी, भेळ-शेंगदाण्याच्या गाड्या. लष्करातले जुने कानसेन त्याकडे नाक मुरडतात. आमचं मत वेगळं आहे: वस्तीच्या दारात वर्षाचे चार दिवस रस्ता अडवायचा असेल तर एक संध्याकाळ वस्तीच्या आवडीची असावी. मात्र तिथे ध्वनी फार चढा असतो, लहान मुलं असतील तर भोंग्यांपासून लांब, मैदानाच्या मागच्या अंगाला बसा.

कार्यक्रमाच्या आखणीवर आमचे खरे आक्षेप दोन. पहिला वेळेचा. उद्घाटनाची आणि सन्मानाची संध्याकाळ भाषणांनी लांबते आणि पहिला कलाकार पूरिया धनाश्रीची वेळ टळल्यावर बसतो. दुसरा, वाट्याला येणाऱ्या चाळीस-पन्नास मिनिटांचा. ग्वाल्हेर गायकीत विलंबित ख्यालाची स्थायी आणि अंतरा दोन्ही आधी पूर्ण मांडायची, मग बहलावे (संथ स्वरविस्तार), बोल-अंग (शब्दांवरचा लयीचा खेळ), ताना. एवढ्या वेळात ते बसवायचं म्हणजे काहीतरी कापावं लागतं, आणि कापला जातो तो अंतरा. मागच्या खुर्च्यांमधली पिकली डोकी नेमकं तेच बघत असतात: ताल तिलवाडा आहे की झुमरा, अंतरा भरला का, शेवटी टप्पा किंवा तराणा आला का. यांची दाद टाळ्यांत नसते, मान हलली की समजायचं. दुपारचे राग, भीमपलास किंवा मुलतानी, या आखणीत जवळजवळ कधीच मिळत नाहीत. सकाळची सभा लांबली तर सारंगापर्यंत मजल जाते, ती तेवढी कमाई.

विक्रमांबद्दल थोडंच. २०२३ च्या डिसेंबरात किल्ल्यावर १,२८२ तबलावादक एकदम वाजले, विक्रम झाला, गावाला अभिमान वाटला. ऐकण्याच्या दृष्टीने त्यात फारसं काही नाही. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो, त्यामुळे पसरलेल्या रांगांचा ठेका एका कानात एकत्र पोचूच शकत नाही. त्याच वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून यादीत घेतलं. त्यानंतर निदान बाहेरचे लोक जीवाजीगंजातल्या सरोदघरापर्यंत यायला लागले तर बरं. सरोदिये हाफिज अली खाँ साहेबांच्या घराचं ते संग्रहालय, जुनी वाद्यं जवळून बघायला मिळतात. उघडं आहे का ते आधी विचारून निघा.

समारोहातली बेहटची सकाळची सभा स्वतंत्रपणे सांगायला हवी. तानसेनांचं गाव, शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, झिलमिल नदीकाठी, झुकलेल्या शिवमंदिराजवळ. आवाजाने देऊळ झुकलं ही कथा तिथला प्रत्येक जण सांगेल, ऐकून घ्या. गर्दी कमी, श्रोते बरेचसे गावकरी, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांची दाद निर्भेळ. धुक्यामुळे रस्ता रेंगाळतो म्हणून दहाच्या सभेसाठी सव्वासातला गाडी काढा, पाणी आणि नाश्ता बरोबर ठेवा, आणि परतीची गाडी आधीच ठरवा. समारोपाची गुजरी महालाची सभा त्या मानाने सोपी, किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे. तिथे मागे उंच दगडी भिंती असल्याने हळू आवाजाची गायकी जास्त खुलते.

लष्करातून, महाराज बाड्याहून, हजिरा पाच-सहा किलोमीटर. जाताना टेम्पो किंवा ई-रिक्षा सहज मिळते, परत येताना नाही. मध्यरात्री रिक्षावाले दुप्पट सांगतात, म्हणून चौघांनी मिळून येण्या-जाण्याची एकच रिक्षा ठरवणं स्वस्त पडतं. खिशात तिळाची गजक ठेवा, फक्त कागदाचा आवाज आलापात करू नका, आधीच सोडवून रुमालात बांधा.